दोन दिवसांत मालवण : शास्त्रोक्त पद्धत

मालवणला जायचं तर आधी यादी करावी. चौदाच्या खाली ठिकाणं असतील तर ती यादी नव्हे, आळस. आमचे साडूभाऊ पुण्याहून निघताना यादी छापून, प्लास्टिकच्या कव्हरात घालून आणतात. सिंधुदुर्ग किल्ला ९ ते १०, मोरयाचा धोंडा १०.२० ते १०.२५, शिवाय धामापूरचा तलाव, तारकर्ली, देवबागचा संगम, डॉल्फिन (४.३० वाजता). डॉल्फिनला ही वेळ कुणी कळवली, हे मी विचारलं नाही. मालवण ही आम्हा दोघांची सासुरवाडी. मी तिथे गेलो की झोपतो, ते 'पाहतात'.

किल्ला सकाळी उरकावा. होडीवाला साधारण तासाभराची मुदत देतो. १६६४ साली काम सुरू होऊन तीन वर्षांनी पुरा झालेला, अठ्ठेचाळीस एकरांचा किल्ला तासात बसवायचा तर कुठे थांबायची सोय नाही. होडी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. तेव्हा 'अहो, एंट्री कुठाय?' असं ओरडू नये, तो दिसू नये म्हणूनच तसा बांधलाय. आत शिवराजेश्वराचं देऊळ आहे, राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेलं. तिथली महाराजांची मूर्ती बिनदाढीची आहे, ती नीट बघावी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि आत पाणी गोडं. इथे माणसाने दोन मिनिटं तरी चक्रावून जावं अशी अपेक्षा असते. साडूभाऊंनी तीन वेळा बरोबरची खूण केली आणि घड्याळ पाहिलं.

कपडे सुती. जीन्स घालून समुद्रात उतरणाऱ्यांबद्दल मला काही बोलायचं नाही.

स्कूबा करावं, सकाळी करावं, पोट हलकं ठेवून करावं. पाण्याखालच्या फोटोत सगळे सारखेच दिसतात, त्यामुळे कुणाचाही फोटो आपला म्हणून खपतो.

आता भरती-ओहोटी. हे शास्त्र मात्र खरंच शिकून घ्या. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, थोडंफार इकडेतिकडे. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. साधारण सहा तासांनी ओहोटी, बारा तासांनी पुन्हा भरती. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. यासाठी मोबाइलला रेंज लागत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. साडूभाऊंनी हे ऐकून घेतलं नाही. दशमीच्या संध्याकाळी साडेपाच वाजता त्यांनी नवे कोरे बूट पाण्यापासून 'चांगली दहा पावलं लांब' ठेवले आणि सूर्यास्त पाहायला गेले. दहा गुणिले पाऊण, साडेसात. डावा बूट सापडला.

जेवण हा विषय यादीत बसत नाही, म्हणून यादीवाले तो अर्ध्या तासात संपवतात. खानावळीत मेनूकार्ड मागू नये. 'आज काय ताजा गावला?' एवढंच विचारावं आणि जे उत्तर येईल ते खावं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सुरमईसाठी हटून बसू नये. कोंबडी-वडे मागवावे आणि गप्प राहावं. सोलकढी भडक गुलाबी दिसली तर मला शंका येते. आमच्या सासूबाईंची फिकट असते, आणि तिसऱ्या पेल्यानंतर माणूस यादी वगैरे करायच्या लायकीचा राहत नाही. ऑफिससाठी खाजा घ्या. आल्याचा घ्या. वाटेत संपेल इतकाच घेऊ नका.

त्सुनामी आयलंड : वाळूचा दांडा आहे. भरतीला गेलात तर तोही नाही. वरचा गुणाकार पाहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला धामापूर होतं. गाडीकडे जाताना किनाऱ्यावर रापण लागलेली दिसली. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकून दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणलेले, आणि दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस माणसं पाय वाळूत रोवून मागे मागे सरत ओढतायत. साडूभाऊंनी मोबाइल काढला. एका म्हाताऱ्याने मान न वळवता सांगितलं, "फोटो मागसून, आदी दोरी धर."

आणि साडूभाऊंनी धरली. आयुष्यात कुणाचं न ऐकलेला माणूस. दीड तास ओढत होते. तळव्यांची सालं निघाली, टोपी उडाली, दोन्ही टोकं जवळजवळ येत गेली तसे ते इतरांबरोबर ओरडायलाही लागले. काय ओरडत होते ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. जाळ्याची खोळ वाळूवर आली तेव्हा आत बांगडे, पेडवे आणि एक चिडलेली कुर्ली. दोरी धरणाऱ्याला वाटा द्यायची इथली रीत आहे. म्हाताऱ्याने दोन मुठी भरून पुढे केल्या. घ्यायला काही नव्हतं. साडूभाऊंनी क्षणभर विचार केला आणि यादीचं ते प्लास्टिकचं कव्हर उघडून धरलं.

सासूबाईंनी मासे ओतून घेतले, कव्हर धुऊन दोरीवर वाळत घातलं. आतला कागद त्यांना चुलीपाशी चिकटलेला सापडला. धामापूरच्या पुढचं काही वाचता येत नव्हतं. आमच्या साडूभाऊंना ती यादी पुन्हा हवी आहे असं ऐकतो. कुणाजवळ मालवणची पूर्ण यादी असेल, तर त्यांनी ती कृपया आमच्याकडे पाठवू नये.