खर्जमामा

भोकरदनच्या बसस्टँडसमोर चार माणसं चहाला बसली की बोलणं कापसावर येतं. त्या चारांत खर्जमामा असले की ते कापसावर टिकत नाही. परवा कुणीतरी बोंडअळीचं रडगाणं काढलं. मामांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "अळीवरून आठवलं. बीटल म्हणजे बी इंग्रजीत किडाच. त्या बीटल लोकांत पॉल मॅकार्टनी होता ना, त्यानं हॅम्बुर्गला घेतलेली बेस गिटार..." शाळेतल्या सरांनी दोन्हींचं स्पेलिंग वेगळं असल्याचं सांगून पाहिलं. मामा म्हणाले, "सर, किडा किडाच असतो." झालं. कापूस टेबलावर राहिला आणि आम्ही सगळे हॅम्बुर्गला पोहोचलो.

खर्जमामा हे नाव घरच्यांनी ठेवलेलं नव्हे. ऐंशीच्या दशकात मामा एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे, तेव्हा ते चिकटलं. पुढे ऑर्केस्ट्रा बसला. गायक प्लॉटिंगच्या धंद्यात गेले, ढोलकीवाला भजनी मंडळात गेला, नाव तेवढं मागे राहिलं. अंगकाठी म्हणाल तर तुराटीसारखी. आवाज मात्र विहिरीच्या तळातून येतो. मामांनी फोनवर नुसतं "हॅलो" म्हटलं तरी पलीकडचा विचारतो, "कोन गेलं?"

ऑर्केस्ट्राच्या काळातले अकरा फोटो मामांनी जपून ठेवलेत. अकराही फोटोंत मधोमध गायक आहे, शेजारी झगमगीत साडीतली गायिका आहे, आणि अगदी कडेला एक कोपर आहे. ते मामांचं. पाहुण्यांना अल्बम दाखवताना ते त्या कोपरावर बोट ठेवून गाण्याचं नाव सांगतात. कोणत्या गाण्याला कोपर कुठे होतं हे त्यांच्या पक्कं लक्षात आहे.

दिवसा मामा मिक्सर, पंखे आणि क्वचित एखादा रेडिओ दुरुस्त करतात. या धंद्याचा त्यांना मोठा अभिमान. "लिओ फेंडर कोन होता?" ते मिक्सरचं भांडं उलटं करून विचारतात. गिऱ्हाईक गप्प. "रेडिओवाला. कॅलिफोर्नियात फुलर्टन म्हणून गाव आहे, तिथं १९३८ ला यानं रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण १९५१ ला बेस गिटार अशी काढली की दुनिया बदलली. त्याच्याआधी माणसापेक्षा उंच डबल बेस उभा धरून वाजवायचे. नेताना टेम्पो लागायचा. यानं ती आडवी करून गळ्यात घातली, पडदे बसवले. पडद्यावर बोट ठेवलं की सूर नेमका. म्हणून नाव प्रिसिजन." एवढं ऐकून झाल्यावर गिऱ्हाइकाला कळतं की मिक्सर अजून उघडलेलाच नाही.

खरं तर फेंडर हा मामांचा आदर्श असला तरी पक्ष वेगळा. मामा हॉफनरवाले, म्हणजे मॅकार्टनीच्या गिटारीचे. फेंडरच्या पक्षाचे पुढारी म्हणजे शेजारच्या गाळ्यातले टेलरमास्तर. तेही एके काळी लग्नाच्या बँडपथकात होते. दोघांची दोस्ती तीस वर्षांची आणि भांडणही तीस वर्षांचं.

"हॉफनर पोकळ आहे मास्तर. व्हायोलिनवानी. वजनाला हलकी. पोकळ आहे म्हनून बोलती."

"पोकळ वस्तू लई बोलती, हे तुमच्यावरून दिसूच राहिलं."

"अन् दोन्हीकडून सारखी. मॅकार्टनी डावखुरा, त्यानं उलटी धरली तरी वंगाळ दिसत नाही. तीस पौंडात घेतली त्यानं, १९६१ ला."

"ते सोडा. १९५४ ला फेंडरनं काय केलं? पाठीमागून पोटापाशी लाकूड काढून टाकलं. अंगाला बसावी म्हनून. याला कटिंग म्हनतात मामा, कटिंग." मास्तर गळ्यातली टेप काढून टेबलावर पसरतात. "घोडीपासून वरच्या आडपट्टीपर्यंत फेंडरची तार चौतीस इंच. तुमची हॉफनर तीस. चार इंच कापड कमी!"

यात गंमत अशी की फेंडर किंवा हॉफनर दोघांनीही कधी हातात धरलेली नाही. मामांकडे मुंबईहून आणलेला एक जुना कॅटलॉग आहे, पानं सुटलेला. त्याच्यावर दोघं अशी चर्चा करतात, जशी घरात स्थळाची होते. उंची किती, वजन किती, रंग कसा, मूळ घराणं कुठलं. स्थळ येणार नाही हे दोघांनाही माहीत आहे. पण नावं ठेवायला आणि मान डोलवायला स्थळ दारात यावंच लागतं असं थोडंच आहे?

विचित्र वाद्यांचा विषय निघाला की मात्र पक्ष मोडतात आणि सामना रंगतो. एकानं टाकायचं, दुसऱ्यानं वर चढवायचं.

"डॅनइलेक्ट्रो," मामा टाकतात. "लाकूड परवडत नाही म्हनून अंगाला हार्डबोर्ड लावला. अन् आवाज पकडायचं चुंबक कशात बसवलं? लिपस्टिकच्या नळीत. खरीखुरी नळी!"

"अँपेगवाल्यांनी १९६९ ला आरपार दिसणारी काढली," मास्तर चढवतात. "काचेवानी प्लास्टिकची. घातली तरी शर्टाची बटनं मोजता येतात."

"स्टाइनबर्गर! तिला मुंडकंच नाही. तारा वर बांधायच्याऐवजी खाली पिळायच्या. काढनारा मूळचा फर्निचरचा डिझाइनर."

"तरीच. बसायला जागा ठेवली नसंल."

"अॅशबोरी मास्तर, अॅशबोरी! हातभर लांब, अन् तारा सिलिकॉन रबराच्या. बोटं चिकटतात म्हनून टाल्कम पावडर लावून वाजवायची."

इथे मास्तर हरतात. रबराच्या तारेवर त्यांच्याकडे उत्तर नाही. तेवढ्यात बेंजो पार्टीतले भाऊ येतात. ते शांतपणे म्हणतात, "आमचा बेंजो जपानचा आहे. मूळ नाव ताइशोगोतो. १९१२ मध्ये नागोयात मोरिता गोरो म्हनून माणसानं टाइपरायटरची बटनं बघून केला. तुमची फेंडर जन्माला यायच्या एकोणचाळीस वर्षं आधी." मामा आणि मास्तर एकदम एका पक्षात जातात. बेंजोला वाद्य म्हणायचं की कचेरीचं सामान, यावर दुसरा चहा होतो.

मामांना सगळ्यात जास्त राग डीजेचा. "छातीवर ट्रॅक्टर पलटी झाल्यावानी वाटतं. त्याला काय बेस म्हनतात? बेस कळला नाही पाहिजे. गेला की कळला पाहिजे." हा त्यांचा सिद्धांत आणि त्याला त्यांच्याकडे पुरावाही आहे. एका गणपतीत गायकाशी वाजलं म्हणून मामांनी भर गाण्यात हात काढून घेतला. गायक गात राहिला, ढोलकी चालू राहिली. पण मांडवात चलबिचल झाली. मागच्या रांगेतून एकजण ओरडला, "जनरेटर बंद पडलं का रे?" दुसऱ्या कुणाला हा अपमान वाटला असता. मामांनी तो आयुष्यभराचा सत्कार समजून ठेवला. वर शास्त्रही सांगतात, "आपली लाइट सेकंदाला पन्नास वेळा मागंपुढं होती. बेसची जाड तार एक्केचाळीस वेळा थरथरती. शेजारीपाजारीच राहतात दोघं. बरोबर ओळखलं त्यानं."

मामांची स्वतःची गिटार कलकत्त्याची होती. अमेरिकेतल्या नावाजलेल्या कंपनीचं नाव, एक अक्षर तेवढं फिरवलेलं. १९९६ साली सिल्लोडकडच्या एका पोराने ती एका रात्रीसाठी म्हणून नेली. ती रात्र अजून सरायची आहे. पोरगा सुरतेला गेल्याचं कळलं, गिटारीचं काही कळलं नाही. मामांनी तक्रार केली नाही, नवी घेतली नाही, आशाही सोडली नाही.

आणि २०२४ च्या फेब्रुवारीत मामा हातात मोबाइल घेऊन पळत स्टँडवर आले. तुराटी वाऱ्यावर आल्यासारखी. "सापडली!"

"तुमची?"

"मॅकार्टनीची!" १९७२ मध्ये लंडनात गाडीतून चोरीला गेलेली त्याची पहिली हॉफनर एका घराच्या माळ्यावर निघाली होती. मामांनी स्टँडवर पेढे वाटले. इंग्लंडातल्या एका अब्जाधीशाची वस्तू मिळाली म्हणून भोकरदनमध्ये वाटलेले हे बहुधा पहिलेच पेढे. "एक्कावन्न वर्षांनी! माझे तर अठ्ठावीसच झालेत."

त्या दिवसापासून मामांचा दुसरा सिद्धांत तयार झाला. त्याचा आधार गिटारीत नाही, केळना नदीच्या काठच्या पांढरीत आहे. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. इटलीतलं पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडलं गेलं. तिथे १९३८ मध्ये हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. पुढे १९७३ मध्ये भोकरदनला उत्खनन झालं, तेव्हा तशाच घडणीची भंगलेली हस्तिदंती मूर्ती निघाली. पॉम्पेईची मूर्ती इकडूनच गेली असावी असं म्हणणारे अभ्यासक आहेत. मामांना 'असावी' हा शब्द मान्य नाही. "आपल्या गावचा माल हरवत नसतो," ते म्हणतात. "उशिरा सापडतो."

गेल्या अंगारकीला आम्ही राजूरच्या गणपतीला गेलो होतो. येताना एका मंडपवाल्याच्या गोदामापाशी थांबलो, कारण मामांना त्याच्या अॅम्प्लिफायरचे पैसे घ्यायचे होते. आत लग्नाच्या 'रॉकस्टार' सेटचं सामान पडलं होतं. थर्माकोलचे तारे, प्लायवूडचा ड्रम, आणि मधे सोनेरी ऑइलपेंट फासलेली एक गिटार. कडेने एलईडीची पट्टी चिकटवलेली, बटणं गायब, चारातल्या दोनच तारा शिल्लक.

मामा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग ती उलटी केली. पाठीवर रंगाखालून सोल्डरचा एक चंद्रकोरीएवढा डाग दिसत होता. मामांनी त्यावर अंगठा फिरवला. एकदाच.

"सेटातली वस्तू आहे मामा," मंडपवाला म्हणाला. "सोमवारी लग्न आहे."

मामांनी "तुझं लग्न होऊ दे" एवढंच म्हटलं आणि खुंटी पिळायला लागले. ती किरकिरली, अडली, मग फिरली. जाड तार त्यांनी कानाने सुरात आणली आणि छेडली. आवाजच नाही. बांबू मोजणारं पोरगं हसलं, "मामा, आवाज तं येऊनच नाही राहिला."

मामांनी इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात पाण्याचं रिकामं टिपाड पालथं होतं. त्यांनी गिटारीचं बूड त्यावर टेकवलं, डोळे मिटले आणि तीच तार पुन्हा छेडली. टिपाड घुमलं. टिपाडावर हात ठेवून उभ्या असलेल्या पोराने हात झटकन काढून घेतला.

गोदामाच्या मागच्या अंगाने कुणीतरी ओरडलं, "जनरेटर कोनं चालू केलं रे?"

मामांनी डोळे उघडले नाहीत. पुन्हा तार छेडली.