सवडीचा अंमलदार

युरोपातील एखाद्या थोर जंक्शनवर, मग ते झुरिक असो, म्युनिक असो की मिलान, सकाळी आठाच्या सुमारास जाऊन उभे राहिले असता, धावणाऱ्या, धक्के देणाऱ्या आणि कागदी पेल्यातील कॉफी स्वतःच्याच बाहीवर सांडून घेणाऱ्या त्या उद्योगी लोकसमुदायात एक गृहस्थ मात्र फलाटावर निश्चल उभा असलेला हटकून दृष्टीस पडतो. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, पायांत भक्कम बूट, अंगात पुष्कळ खिशांचे जाकीट, आणि मुद्रेवर, ज्याच्या हुकुमावाचून गाडी जागची हलावयाची नाही अशा अधिकाऱ्याचे प्रसन्न गांभीर्य. गाडी सुटावयास अद्याप चाळीस मिनिटे असतात. तो लवकर आलेला नसतो. त्याच्या शिरस्त्याप्रमाणे तो वेळेवर आलेला असतो.

हा गृहस्थ हॉलंडच्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला असेल, यॉर्कशायरातील शाळेत तीन पिढ्यांना भूगोल शिकवून थकलेला असेल, किंवा हॅनोव्हरच्या एखाद्या विमा कचेरीत लोकांच्या आगी आणि अपघात यांची छाननी करीत म्हातारा झालेला असेल. मुलुख निराळा, भाषा निराळी, नमुना एकच. निरोपसमारंभात त्याने सर्वांसमक्ष जाहीर केलेले असते की, आता यापुढे आपण घड्याळ सोडून देणार, घाई सोडून देणार आणि आगगाडीने, अगदी सावकाश, सारा युरोप हिंडणार. सहकारी टाळ्या वाजवतात, आणि त्यांतील तरुण मंडळींना त्याचा किंचित हेवाही वाटतो. पुढे काय होते हे त्यांना कळत नाही ते बरे. कारण ज्या कचेरीतून सुटका व्हावी म्हणून त्याने चाळीस वर्षे वाट पाहिली, तीच कचेरी, तिच्या बारनिशीसकट, तक्त्यांसकट आणि लाल शाईच्या शेऱ्यांसकट, हा पहिल्याच पेन्शनीतून चाकांवर बसवतो.

त्याच्या या कारभाराचा मूळ दस्तऐवज म्हणजे इंटररेलचा पास. हा पास प्रथम निघाला १९७२ साली, आणि तो एकवीस वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी होता. आमचा गृहस्थ तेव्हा नेमका त्या वयाचा असल्यामुळे, गाडीच्या बोळात पिशवीवर डोके ठेवून आणि पावाच्या लादीवर गुजराण करून त्याने महिनाभर जो मुलुख पाहिला, त्याची आठवण त्याने नोकरीच्या सर्व कंटाळवाण्या वर्षांत जपून ठेवलेली असते. पुढे १९९८ मध्ये वयाची अट उठली, आणि आता तर साठीच्या पुढील माणसास भाड्यात दहा टक्के सूट मिळते. ही दहा टक्क्यांची सूट म्हणजे संबंध युरोप खंडाने आपल्या सेवेची घेतलेली दखल होय, अशी त्याची समजूत असून, ती तो पहिल्या अर्ध्या तासात समोरच्या उतारूच्या कानांवर घालतो.

पासाच्या खालोखाल वेळापत्रक. टॉमस कुकच्या कंपनीने १८७३ साली सुरू केलेले युरोपच्या गाड्यांचे ते तांबडे पुस्तक २०१३ च्या ऑगस्टात बंद पडले, तेव्हा या जातीच्या लोकांच्या घरी जे सुतक आले, त्याचे वर्णन त्यांच्या बायकांच्या तोंडूनच ऐकावे. जुन्याच संपादकवर्गापैकी मंडळींनी पुढच्या वर्षी ते पुन्हा काढले म्हणून ठीक. एरवी कित्येक संसारांची धडगत नव्हती. त्या पुस्तकात आडवे छेदलेले दोन हातोडे छापलेले असले म्हणजे ती गाडी रविवार आणि सणवार वगळून धावते, आणि क्रूस असला म्हणजे नेमकी त्याच दिवशी धावते. अशा खुणांचे हे पुस्तक आमचा गृहस्थ रात्री निजण्यापूर्वी, दुसरे लोक कादंबरी वाचतात तसे, चढत्या उत्कंठेने वाचतो. सर्व गाड्या आता फोनवर दिसतात हे त्याला ठाऊक आहे. पण फोन एका वेळी एकच गाडी दाखवतो, आणि जी गाडी आपणांस पकडावयाचीच नाही ती दाखवीत नाही, ही त्याची तक्रार आहे. आणि विचार केला असता तीत तथ्य नाही असे म्हणवत नाही.

आता सावकाशीचे प्रकरण. सावकाश जाणे ही अत्यंत परिश्रमाची गोष्ट आहे, हे मला या गृहस्थांच्या संगतीत समजले. झुरिकहून मिलानला जाणारा सामान्य माणूस वेगाच्या गाडीत बसतो, २०१६ मध्ये खुल्या झालेल्या सत्तावन्न किलोमीटरांच्या गोथार्ड बोगद्यात शिरतो, आणि डोळा लागतो न लागतो तोच इटलीत उतरतो. आमच्या गृहस्थाच्या दृष्टीने हा प्रवास नव्हे. हे टपालखाते झाले. तो डोंगरावरून जाणारी जुनी वाट धरतो, कारण त्या वाटेवर वासेन नावाचे खेडे आहे, आणि गाडी तेथे डोंगराच्या पोटात वळसे घेत चढत असल्यामुळे गावचे पांढरे देऊळ एकदा डोक्यावर, एकदा समोर आणि एकदा पायांखाली असे तीनदा दिसते. तीनदा दिसलेल्या त्या देवळात तो एकदाही गेलेला नसतो. परतताना मग तो तिरानोवरून बेर्निनाची वाट घेतो. तेथेही काचेच्या छपराचे जे डबे प्रवासी मंडळी चढे पैसे भरून राखून ठेवतात, त्यांकडे तो दयार्द्र नजरेने पाहतो, आणि त्याच रुळांवरून जाणाऱ्या साध्या गाडीत बसतो. कारण त्या गाडीच्या खिडक्या उघडतात. सव्वादोन हजार मीटर उंचीवर, बर्फावरून येणाऱ्या वाऱ्यात, पांढरे केस उभे राहिलेले आणि डोळ्यांतून पाणी वाहत असलेले त्याचे मस्तक खिडकीबाहेर असते, आणि जाकिटाचे मागील टोक त्याच्या पत्नीने, कादंबरीचे पान दुसऱ्या हाताने उलटीत, घट्ट धरून ठेवलेले असते.

अशा या दांपत्याची आणि माझी गाठ पडली ती ड्रेस्डेनहून प्रागकडे, एल्बे नदीच्या काठाकाठाने जाणाऱ्या गाडीत. चेक रेल्वेच्या या गाड्यांना अजून खराखुरा भोजनाचा डबा असतो, त्यात चिनी मातीच्या बशीत ऊन ऊन जेवण मिळते आणि पिंपातली बिअर मिळते. म्हणून या जातीची माणसे तेथे, मुंग्यांसारखी न म्हणता म्हणावयाचे तर, दाटीने आढळतात. डाव्या हाताचे मेज त्यांनी धरले होते, कारण प्रागकडे जाताना नदी डावीकडे राहते. मला बसावयास जागा देण्यापूर्वी त्याने मेजावरची मांडणी आवरली, आणि ती आवरण्याचा प्रकार, उत्तरपूजा होईपर्यंत चौरंग हलवू नये अशा श्रद्धेने चालला होता: वेळापत्रक, त्यावर भिंग, चामडी बांधणीची नोंदवही, काळी लेखणी एक, लाल लेखणी एक, घडीचा चाकू, आणि अर्धे सोललेले सफरचंद. नोंदवहीत चार रकाने आखलेले होते. ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, अंतर आणि कैफियत. कैफियतीचा रकाना सर्वांत रुंद होता.

"उशीर झाला म्हणजे आपणांस त्रास होत असेल," मी सहज म्हणालो.

पत्नीने पुस्तकातून डोके वर काढून माझ्याकडे अशा करुणेने पाहिले की, मी कोणत्या धरणाचा दरवाजा उघडला हे मला तत्काळ उमगले. उशीर हे या गृहस्थाचे दुःख नसून खाद्य आहे. युरोपच्या कायद्याप्रमाणे गाडीस तासाचा उशीर झाला तर भाड्याचा चतुर्थांश आणि दोन तासांचा झाला तर अर्धे भाडे परत मागता येते. जर्मनीत सहा मिनिटांच्या आतील उशीर हा उशीरच धरीत नाहीत, हे सांगताना मात्र त्याचा आवाज खाली आला. थोर घराण्यातील एखाद्या मुलाच्या व्यसनाविषयी बोलताना येतो तसा. याउलट स्वित्झर्लंड. तेथील फलाटावरच्या घड्याळाचा लाल सेकंदकाटा साठ सेकंदांचा फेरा साडेअठ्ठावन्नातच उरकतो, बारावर येऊन थबकतो, आणि पुढचे मिनिट कायदेशीरपणे सुरू झाल्याचा इशारा मिळाला म्हणजेच पुन्हा निघतो. "वाट पाहणारा काटा!" तो म्हणाला, आणि त्याचे डोळे खरोखरच पाणावले.

मग मी मुंबईकडचा आहे असे त्याला कळले. त्याने काळी लेखणी उचलली. कर्जतला घाट चढण्यासाठी गाडीच्या मागे एंजिने किती जोडतात, असे त्याने विचारले. आता कर्जतला गाडी जी थांबते ती बटाटेवड्यासाठी थांबते, अशी आमच्या तीन पिढ्यांची प्रामाणिक श्रद्धा असून, गाडीच्या मागच्या बाजूला काय चालते ते पाहावयास त्या धांदलीत कोणी गेल्याचे ऐकिवात नाही. मी तसे सांगितले. त्याने ते लिहून घेतले. बोरघाटात पूर्वी गाडी ज्या जागी उलट फिरवून घ्यावी लागे, तेथे आता काय उरले आहे? नेरळ-माथेरानची दोन फुटी वाट १९०७ ची; तिच्यावर आपण शेवटचे केव्हा गेलात? प्रश्नांमागून प्रश्न येऊ लागले, आणि मामलेदारासमोर दाखल्यांवाचून उभ्या राहिलेल्या कुळासारखी माझी अवस्था होऊ लागली, तोच गाडी एका स्थानकात शिरली आणि आपल्या डब्यांचा क्रम फलाटावरील तक्त्याशी रुजू घालावयास तो खाली उतरला.

तेवढ्या अवकाशात त्या बाईंनी पुस्तक मिटले.

"मी युरोपातली सगळी देवळे पाहिली आहेत," त्या म्हणाल्या. "बाहेरून." कोलोनचे तर स्थानकाच्या दारातच आहे; तेथे त्यांना सत्तेचाळीस मिनिटे मंजूर झाली होती, त्यांतील तीस सामान ठेवण्याची पेटी शोधण्यात गेली. असे सारे निमूट चालले होते. पण अलीकडे पास कागदावरून फोनमध्ये गेला, आणि आमच्या गृहस्थाने, आपल्या तत्त्वास अनुसरून, तो स्वतःच्या फोनात घेण्याचे नाकारले; तो घेतला बाईंच्या फोनात. प्रवासाचा दिवस सकाळी तेथे चालू करावा लागतो आणि प्रत्येक गाडी तेथे नोंदवावी लागते, नपेक्षा दोघांनाही विनातिकीट समजतात. मुखत्यारपत्र कोणाच्या हाती गेले आहे, हे त्याच्या लक्षात आले नाही. बाईंच्या आले.

एकदा ती दोघे झुरिकहून रात्रीच्या गाडीने व्हिएन्नास निघाली होती. शयनाच्या डब्यात न्याहारीची छापील यादी देतात, तीतील सहा जिन्नसांवर खूण करावयाची असते. यजमानांनी अर्धा तास विचार करून, अंदाजपत्रक संमत करावे तशा सहा खुणा केल्या आणि झोपी गेले. सकाळी व्हिएन्नात पुढची गाडी दोन तासांच्या आत होती: सेमरिंगचा घाट, १८५४ सालचा, डोंगरातला आद्य लोहमार्ग, ज्याच्या पायाखालून आता नवा बोगदा बांधीत आहेत आणि म्हणून ज्याचे दर्शन लांबणीवर टाकणे शक्यच नव्हते. "फोनमध्ये आजचा दिवस चालूच होत नाही," बाईंनी सांगितले.

"बिघाड होता?" मी विचारले.

"मी चालू केला नव्हता," त्या म्हणाल्या, आणि बिअरचा एक संथ घोट घेतला.

ब्रॉयगेलच्या चित्रांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात आहे, आणि ती चित्रे पाहावयाचे बाईंच्या मनात लग्नापासून होते. पतिराज त्या दालनातील मऊ कोचावर वेळापत्रक उघडून, निर्वासितासारखे, तासभर बसले. नंतर त्यांच्या ध्यानात आले की, तेथील थोरल्या दालनांना रोमन आकडे दिलेले असून बाजूच्या लहान खोल्यांना साधे आकडे आहेत. म्हणजे पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग. व्यवस्था त्यांना पटली. ते उठले, पहिल्या दालनापासून रीतसर आरंभ करून एकही खोली न वगळता हिंडू लागले, दोन चित्रांच्या पाट्या अदलाबदल झाल्याचा त्यांना संशय आला आणि त्याची त्यांनी पहारेकऱ्याकडून रुजुवात करून घेतली. बाईंचे पाय दुखू लागले. त्या कोचावर जाऊन बसल्या. यजमान अजून अर्ध्यातच होते. शेवटी संग्रहालयाचे नोकर लोकांना दाराकडे वळवू लागले तेव्हा यजमानांनी घड्याळ काढले, नोंदवही काढली आणि लाल शाईने कैफियत लिहिली: सहा मिनिटे लवकर.