पथ्यखात्याच्या कारभारीणबाई

प्रपंच नावाच्या संस्थानाची दिवाणगिरी, फडणिशी आणि मुदपाकखाना ही तिन्ही खाती एकाच व्यक्तीकडे सोपवावीत आणि तनखा मात्र एकाही खात्याचा देऊ नये, ही आपल्याकडील वहिवाट पुरातन आहे. परंतु अलीकडे त्यांत पथ्यखाते नामक चौथ्या व सर्वांत तापदायक खात्याची भर पडल्यापासून मध्यमवर्गीय वस्त्यांतून गृहिणींचा एक स्वतंत्र वर्गच उदयास आला आहे. डोंबिवलीपासून कोथरूडपर्यंत कोणत्याही वाण्याच्या दुकानी संध्याकाळच्या सुमारास उभे राहावे. चष्मा कपाळावर चढवून, हिंगाची डबी हातभर अंतरावर धरून, तिच्या पाठीवरची सूक्ष्म अक्षरे खुनाच्या खटल्यातील पंचनामा वाचावा तशा एकाग्रतेने वाचणाऱ्या बाई दिसल्या, की त्या याच वर्गातल्या असे खुशाल समजावे. दुकानदार त्यांना ओळखून असतो. इतर गिऱ्हाइकांना तो "काय देऊ?" असे विचारतो, या बाईंना मात्र "यात काय घातलंय ते मला ठाऊक नाही" असे आधीच सांगून मोकळा होतो.

बाईंच्या अमलाखालील रयत पाहिली, म्हणजे त्यांच्या चष्म्याचा नंबर का वाढत गेला याचा उलगडा होतो. थोरल्या चिरंजीवांना गव्हाचा वाराही चालत नाही. कन्येला शेंगदाणा वर्ज्य, आणि तो असा की एका दाण्याने अंगभर गांधी उठून घसा दाटावा. सासऱ्यांना दूध पचत नाही, यजमानांना हरभऱ्याची डाळ पचत नाही. आणि सासूबाईंना खडेही पचतील, परंतु चातुर्मासात कांदा, लसूण व वांगे ही त्यांच्या शास्त्राला पचत नाहीत. या पाच दरबाऱ्यांना महिनाभर पोसण्यासाठी बाईंच्या हाती जी रक्कम पडते, ती घराचा हप्ता, विजेचे बिल आणि शाळेची फी यांनी यजमानांच्या पगारातून चौथाई-सरदेशमुखी वसूल करून नेल्यावर उरलेली असते.

अशा राज्यात पहिला प्रश्न उद्भवतो तो खऱ्याखोट्या दाव्यांचा. एकाला सवलत मिळाली की दुसऱ्याला तिची वासना होते, हा सरकारी कचेरीतला अनुभव स्वयंपाकघरातही तसाच येतो. यजमानांनी एकदा हरभऱ्याच्या जोडीला दुधी भोपळाही आपल्याला सोसत नसल्याचा तोंडी अर्ज गुदरला. "अहो, सोसत नाही की आवडत नाही, एवढं आधी ठरवा," असे म्हणून बाईंनी तो वैद्यकीय दाखल्याअभावी फेटाळला आणि त्याच रात्री दुधीची भाजी वाढली. सासरेबुवांचा दावा याच्या नेमका उलट. गोठ्यात उभे राहून धारोष्ण दूध प्यायलेल्या आपल्यासारख्या माणसाला दूध सोसत नाही, हे त्यांना मान्यच नाही. दुधातील शर्करा फोडणारा पाचक रस जगातील बहुसंख्य माणसांच्या ठायी बालपणानंतर ओसरत जातो, हे डॉक्टरांचे म्हणणे त्यांना तालमीच्या परंपरेचा अपमान वाटतो. बाईंनी वाद घातला नाही. सासऱ्यांच्या वाटणीच्या दुधाला रोज रात्री विरजण मात्र लावले. दह्यातले जंतू ती शर्करा बरीचशी आधीच खाऊन टाकतात आणि साजूक तुपात ती जवळजवळ उरतच नाही, हे मर्म ध्यानी धरून ताक, कढी आणि भातावरची तुपाची धार यांनी त्यांनी सासऱ्यांना असे तृप्त ठेवले, की आपले दूध सुटले आहे हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत ते सुटून बरेच दिवस झाले होते. कढीला बेसनाऐवजी तांदळाचे पीठ लागते, ते यजमानांच्या वायूप्रीत्यर्थ.

परंतु बाईंच्या कर्तबगारीची खरी कसोटी लागली ती चिरंजीवांच्या गव्हापायी. हा आवडीनिवडीचा मामला नव्हे. सीलिअ‍ॅक या विकारात गहू, जव आणि राय यांतील ग्लुटेन नामक चिवट प्रथिनापायी आतड्याच्या अस्तराचीच नासाडी होते, आणि पथ्य जन्मभराचे असते. डॉक्टरांनी बाईंना डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाची हकिकत सांगितली होती : १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडात दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हा बाकीचे लोक खंगत असता ही रोगी मुले सुधारू लागली आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडली, त्यावरून गव्हाविषयीचा त्याचा पूर्वीचा संशय दृढ झाला. ती ऐकून बाई एवढेच म्हणाल्या, की उपासमारीतूनच शोध लागत असतील, तर महिनाअखेरीस आमच्या घरीही एखादा लागायला हरकत नाही.

पोळी गेली, शेवया गेल्या, शिरा गेला आणि ज्वारीची भाकरी आली; तरी मुलाचे पोट ठिकाणावर येईना. तेव्हा बाईंनी फडताळातल्या समस्त डब्यांची रीतसर झडती घेतली. भाजणीत गहू सापडला, मेतकुटात सापडला, आणि मुख्य आरोपी अखेर फोडणीत निघाला. बाजारातला नेहमीचा बांधानी हिंग म्हणजे हिंगाच्या अल्पशा अंशाला बहुधा मैद्याचा भरणा असतो. चिमूटभर म्हणून ज्याची कोणी चौकशी केली नव्हती, तो दोन्ही वेळा आमटीतून राजरोस ये-जा करीत होता. हिंगाऐवजी लसूण स्वस्त पडली असती, पण चातुर्मास आडवा आला. खड्याच्या शुद्ध हिंगाची किंमत ऐकून बाईंना प्रथम घेरी आली. परंतु तो इतका उग्र असतो, की मोहरीएवढा कण फोडणीला पुरतो, असा दर फोडणीचा आकार काढून त्यांनी ती डबी घेतलीच, आणि ती आता मंगळसूत्राच्या पेटीशेजारी कुलपात असते.

राहता राहिली गिरणी. आधीच्या गिऱ्हाइकाच्या गव्हाचे पीठ जात्यात उरते आणि पुढच्याच्या ज्वारीत उतरते. घरघंटी घेण्याची ऐपत नाही, आणि ग्लुटेनसाठी जाते झाडा म्हणून विनविले असता गिरणीवाल्याने ते हसण्यावारी नेले. मात्र उपवासाच्या दळणापूर्वी हाच सद्गृहस्थ कोणी न सांगता जाते स्वच्छ झाडून घेतो, हे बाईंच्या चाणाक्ष नजरेने टिपले. तेव्हापासून शिंगाडा-राजगिऱ्याच्या दळणामागोमाग आपल्या ज्वारीचा डबा लावण्याची वहिवाट त्यांनी पाडली आहे. वैद्यकाला जे साधले नाही ते एकादशीने साधले.

एकादशीचा विषय निघालाच आहे, तर तो दिवस त्या घरात कसा असतो तेही सांगितले पाहिजे. साबुदाणा, वरी, राजगिरा, रताळे यांत गव्हाचा लवलेश नसल्यामुळे चिरंजीवांना रोज एकादशी असावी असे वाटते. परंतु उपवासाच्या यच्चयावत पदार्थांत दाण्याचे कूट, आणि कन्येपायी शेंगदाण्याला तर उंबऱ्याच्या आत मज्जाव. "अगं सूनबाई, दाण्यावाचून खिचडी म्हणजे उपास मोडल्यातच जमा!" अशी सासूबाईंनी तक्रार गुदरली. वास्तविक शेंगदाणा, बटाटा, मिरची आणि ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो ते झाड, ही चारही मंडळी मूळची अमेरिका खंडातली, आपल्या ऋषिमुनींनी यांतले काहीच चाखले नव्हते, तेव्हा इथे धर्मशास्त्राचा संबंधच येत नाही. पण सासूबाईंना हे सांगणे बाईंनी मुत्सद्देगिरीने टाळले आणि ओले खोबरे व जिरे घालून केलेली खिचडी देवाला नैवेद्य म्हणून आधी दाखविली. देवाने चालवून घेतलेल्या खिचडीवर अपील करता येईना. इतर दिवशी कुटाच्या जागी तीळ घालावेत तर ते शेंगदाण्याहून महाग. म्हणून बाईंनी जवस आणि कारळे या दोन विस्मृत प्रजाजनांना पुन्हा दरबारात आणले.

कारण मुळात सर्व पथ्यांवर एक पथ्य आहे, ते पैशाचे. गरिबाचे अन्न म्हणून कालपरवापर्यंत हिणवलेली ज्वारी आता गव्हाहून चढ्या भावाने विकते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले तेव्हा ज्यांना आनंद झाला नाही अशा थोड्या लोकांत बाईंची गणना करावी लागेल. मालदांडी ज्वारी त्या सणावाराला घेतात. एरवी मुंबई ग्राहक पंचायतीची मासिक यादी, मंडईत उतरत्या संध्याकाळचे वाटे आणि सोलापूरकडून येणाऱ्या नणंदेची गोणी यांवर भिस्त. मोठ्या दुकानातल्या 'ग्लुटेनमुक्त' बिस्किटांचा पुडा त्या हाती घेतात, वाचतात आणि जागेवर ठेवतात. तसे छापायचे तर किलोमागे ग्लुटेन २० मिलिग्रॅमच्या आत हवे असा नियम आहे. किंमत किती आकड्यांच्या आत हवी याचा नाही, हे त्यांचे त्यावरील टिपण. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने रास्त भाव दुकानांतून १०० रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला : रवा, हरभऱ्याची डाळ, साखर आणि पामतेल. बाईंच्या रेशनकार्डाला तो लागू नव्हता. पण यादी वाचून बाईंनी हिशेब मांडला, की रवा मुलाला नको, डाळ यजमानांना नको, साखर मधुमेही सासऱ्यांना नको, तेल डॉक्टरांना नको. मिळालाच असता तर पिशवी तेवढी आमच्या उपयोगी पडली असती.

या राज्याला परचक्राचे भय आहे ते आप्तेष्टांकडून. "एवढ्याशाने काय होतंय?" हे त्यांचे रणवाद्य. एका दिवाळीत आत्याबाईंनी पोराची दया येऊन त्याला माजघरात नेले आणि मूठभर शंकरपाळे चारले. पुढचे दोन दिवस मुलगा आणि बाई दोघेही झोपले नाहीत. बाई आत्याबाईंना एका शब्दानेही बोलल्या नाहीत; फक्त डॉक्टरांची फी आणि औषधांचा खर्च त्यांनी जमाखर्चाच्या वहीत 'आत्याबाईंचे प्रेम' या सदराखाली मांडला, आणि ती वही पुढच्या भेटीत सहज दिसेल अशी टीपॉयवर ठेवली. आत्याबाई आता येताना फक्त नारळ आणतात.

लोक विचारतात, की पाच माणसांना पाच स्वयंपाक ही बाई करते तरी कशी? उत्तर असे, की ती एकच स्वयंपाक करते. शाळेच्या गणितातला मसावि तिने ओट्यावर आणला आहे : सर्वांना चालेल ते पातेल्यात शिजते, आणि ज्याला जे जास्तीचे चालते ते त्याच्या पानात वरून पडते. भात, भाकरी, मुगाचे वरण आणि पालेभाजी हा त्या राज्याचा खालसा मुलूख. बाकी सारी इनामे. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ची तिच्याकडील प्रत पाहावी; पानापानाच्या समासात शिसपेन्सिलीने 'मु.', 'क.', 'सा.', 'य.' अशी मनाईची अक्षरे पडली आहेत, आणि ज्या पाककृतीसमोर एकही अक्षर नाही, तिचे पान तेलाच्या डागांनी पारदर्शक झाले आहे.

या वर्गातल्या बाईंना कोणी विक्षिप्त म्हणते, कोणी चिक्कू, कोणी संशयी. माझ्या मते त्या यांपैकी काहीही नसून, आपल्या देशातील अर्थखात्यांनी ज्यांच्याकडे उमेदवारी करावी अशा कारभारी आहेत. त्यांच्या घरी जेवणाचे आमंत्रण आले तर वाचकांनी निःशंक जावे. पानात काय आहे याचा खुलासा तिथे जितका चोख मिळतो तितका अन्यत्र मिळणार नाही. हातात मिठाईचा पुडा मात्र नेऊ नये. न्यायचेच झाले तर केळी न्यावीत, आणि तीही आधी विचारून.