शिक्क्याची मान

आमच्या घराण्यात कुलकर्णी हे नुसते आडनाव नव्हते, वतन होते. गावचे दफ्तर राखावे, जमाबंदीचे आकडे मांडावेत आणि पाटलाच्या निशाणीशेजारी आपली सही ठोकावी, या उद्योगात पूर्वजांच्या कैक पिढ्या खर्ची पडल्या, आणि 1950 च्या कायद्याने वतन खालसा झाल्यावरही कागद दिसला की हात शिवशिवण्याची व्याधी तेवढी वारशाने शिल्लक राहिली. अशा कुळातल्या मनुष्याने संगणकाच्या नोकरीनिमित्त तोक्योला यावे आणि यंत्रमानवांच्या या देशात कागदाचे राज्य केव्हाच बुडाले असेल असे समजून यावे, हा शुद्ध भ्रम होय.

बिऱ्हाड थाटल्यापासून 14 दिवसांच्या आत प्रभाग-कचेरीत वर्दी देणे इथे सक्तीचे. माझे बिऱ्हाड निशिकासाईत. तिथे आपल्या लोकांची वस्ती एवढी, की 2019 साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ त्याच एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले. कचेरीचे काम निभावले. अडले ते बँकेत. मी ऐटीत सही करू लागताच समोरच्या बाईंनी अत्यंत विनयाने विचारले, "हांको?" हांको म्हणजे बोटभर लांबीचा, नाव कोरलेला शिक्का. सातो, सुझुकी, ताकाहाशी या मंडळींचे शिक्के दुकानात फिरत्या मांडणीवर तयार मिळतात. कुलकर्ण्यांची सोय तिथे कोणी करून ठेवलेली नव्हती. शिवाय जपानीत 'ल' नाही. तेव्हा 'कुरुकारुनि' अशी पाच अक्षरे त्या चवलीएवढ्या वर्तुळात दाटीवाटीने बसवून घ्यावी लागली.

आणि खरी परीक्षा पुढेच होती. माझ्या नोकरीच्या कचेरीत कोणताही प्रस्ताव चौकटीचौकटीने वर चढतो, आणि प्रत्येक चौकटीत एकेक अधिकारी हिंगुळासारख्या लाल शाईत मोर्तब करतो. मी माझा शिक्का नाकासमोर, सरळ उमटवला. शेजारच्या सहकाऱ्याने दातांतून हवा आत ओढली. या देशात याचा अर्थ घोर आपत्ती असा होतो. मग कुजबुजत त्याने समजावले, की वरिष्ठांची चौकट डावीकडे असते, सबब कनिष्ठाचा शिक्का डावीकडे किंचित कललेला हवा, म्हणजे तो वरिष्ठाला वाकून नमस्कार करतो. जुन्या वळणाच्या कचेऱ्यांतून, विशेषतः बँकांतून, हा रिवाज आहे म्हणे. पुढच्या कागदावर मी भक्तिभावाने एवढा कल दिला, की शिक्क्याने साष्टांग दंडवतच घातले, विभागप्रमुख स्वतः उठून आले आणि काळजीच्या स्वरात म्हणाले, "कुरुकारुनि-सान, प्रकृती बरी आहे ना?"

शिक्क्याचे हे प्रस्थ आजकालचे नव्हे. इ. स. 57 मध्ये चीनच्या हान सम्राटाने इथल्या एका राजाला दिलेली सोन्याची मुद्रा 1784 साली शिकानोशिमा बेटावरच्या शेतात सापडली, ती आज फुकुओकाच्या संग्रहालयात आहे. त्यामुळे 2020 साली कोनो तारो या मंत्र्यांनी सुमारे 15,000 प्रकारच्या सरकारी कामांतून बहुतेक शिक्के हद्दपार करण्याचा चंग बांधला, तेव्हा आपले वतन दुसऱ्यांदा खालसा होत आहे अशा भावनेने मी दोन दिवस नीट जेवलो नाही.

दुःख विसरण्यासाठी मी मुलूखगिरीस निघालो. इथल्या अनेक रेल्वे स्थानकांत प्रवाशांसाठी स्मरणाचा शिक्का ठेवलेला असतो (ही प्रथा 1931 साली फुकुई स्थानकात सुरू झाली), आणि देवळांत दक्षिणा दिली की वहीवर लाल मुद्रा उमटवून वर कुंचल्याने सुरेख अक्षरांत तिथी लिहून देतात. कुलकर्ण्याला याहून निराळी काशी कशाला हवी? कामाकुरा स्थानकात उतरताच मी तिथला शिक्का देवळासाठी घेतलेल्या त्या कोऱ्या, घडीच्या वहीत पहिल्याच पानावर ठोकून दिला. पुढे एका देवळात वही पुढे केली. आतल्या वृद्ध भिक्षूंनी पहिले पान पाहिले, आणि मला परिचित असलेल्या पद्धतीने दातांतून हवा आत ओढली. देवाच्या वहीत रेल्वे चालत नाही, हे त्यांनी एकही कठोर शब्द न वापरता कळवले आणि मुद्रा एका सुट्या कागदावर उमटवून दिली.

परतीच्या गाडीत मी तो कागद गुडघ्यावर पसरून फूटपट्टीने तपासला. मुद्रा अगदी सरळ होती.