सशाचा सातबारा

कवलापूरच्या विमानतळावर विमान सोडून सगळं उतरतं. टिटव्या उतरतात, बगळे उतरतात, मेंढरं उतरतात, नवी गाडी घेतलेले आणि अजून क्लच न कळलेले लोक उतरतात. निवडणूक जवळ आली की घोषणाही उतरते. तशी ही धावपट्टी जुनी आहे, जागा ऐसपैस आहे, आणि गाव गाजरांसाठी प्रसिद्ध आहे. भोगीच्या आधी इथलं गाजर गाड्या भरभरून बाहेर जातं. गाजर दाखवायला लागणारा कच्चा माल गावातच पिकत असल्यामुळे विमानतळाचा प्रश्न इतकी वर्षं ताजा राहिला आहे, असं माझं मत आहे.

गाजर आलं म्हणजे ससा आला. आणि ससा आला म्हणजे त्याच्यामागे माणूस आला.

मी राहतो कुपवाडात. 1998 साली सांगली आणि मिरज यांच्या जोडीला आम्हालाही महापालिकेत घेतलं आणि पाटीवर तिसरं नाव दिलं. कुपवाडात मोकळी हवा नाही असं मी म्हणणार नाही. आहे, पण ती एमआयडीसीतून फिरून येते. सगळी नोकरी लेथच्या आवाजात झाल्यामुळे निवृत्तीनंतर मला शांततेची चैन करावीशी वाटली. एका पुतण्याने त्याची जुनी दुर्बीण दिली, मी दोनशे पानी वही घेतली, आणि माधवनगर-बुधगाव करत कवलापूरचा माळ गाठायला लागलो. पाखरं बघायची आणि लिहून ठेवायची, एवढाच उद्योग. आमच्या हिचं म्हणणं, पाखरं आपल्या दारातल्या शेवग्यावरही बसतात. ते खरं आहे. पण शेवग्याखाली भाजीची पिशवी हातात पडते.

माळावर आपल्या आधी कुणीतरी येऊन बसलेलं आहे, हे मला टिटवीने सांगितलं. टिटवीला गुपित ठेवता येत नाही. कुत्रं येवो, साप येवो, तहसीलदार येवो, ती सगळ्यांच्या नावाने सारखाच गलका करते. त्या गलक्याच्या दिशेने दुर्बीण फिरवली तर झुडपाआड दोन मोटारसायकली, चार तरुण आणि दोन कारवानी कुत्री. कारवानी म्हणजे पोट पाठीला लागलेलं, लांब तोंडाचं, पायांत स्प्रिंगा बसवलेलं जनावर. पलीकडे कर्नाटकात मुधोळ, म्हणून त्याला मुधोळ हाउंडही म्हणतात. 2005 साली टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं. कुत्र्याला इतका मान असल्यावर मालकाची मान ताठ असणारच.

"ओ काका, कुठं निघालाय?"

"फिरायला."

"फिरायला सांगलीत बागा हायत की. हिकडं कशाला तडमडताय?"

"हा माळ सरकारी आहे ना?"

"सरकारी असंल. पण रान आमचं हाय."

"तुमच्या नावावर?"

"नावावर कशाला पायजे? आम्ही येतोय न्हवं का दर आयतवारी!"

कसेल त्याची जमीन, हा कायदा आम्ही ऐकून होतो. मारील त्याचा माळ, हा नवा होता.

गंमत बघा. चोर पोलिसाला विचारत नाही की तुमचं इथं काय काम. पण माळावर मात्र बेकायदा माणूस कायदेशीर माणसाची चौकशी करतो, आणि तीही पूर्ण. गाव कुठलं, कुणाचे कोण, गाडी कुठं लावली, दुर्बीण कितीला पडली, फोटो काढला का, काढला असेल तर दाखवा, दाखवला असेल तर पुसा. मला तर बोटाचा ठसा तेवढा मागायचा राहिला. सशाची शिकार हा वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार गुन्हा आहे. आमच्याकडे बहात्तर म्हटलं की दुष्काळ आठवतो, कायदा कुणाला आठवत नाही. तो आला त्याच साली, पण दुष्काळातल्या सुकडीसारखा घरोघर पोचला नाही.

हा रुबाब आला कुठून, याचा मी बराच विचार केला. बाभळीच्या सावलीत विचारच होतात. आपला हा सगळा मुलूख संस्थानांचा. सांगलीचे संस्थान, मिरजेची दोन, शेजारी कोल्हापूर. शिकार हा राजाचा शौक आणि रानही राजाचं. कोल्हापूर दरबारात तर चित्ते पाळलेले असत. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडीतून माळावर न्यायचा, समोर काळवीट दिसलं की टोपी काढायची. इथले चित्ते संपत आले तेव्हा आफ्रिकेहून मागवले, पण शौक सोडला नाही. पुढे 1952 मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं, आणि 2022 मध्ये नामिबियातले चित्ते विमानाने ग्वाल्हेरला उतरवून कुनोला नेले. कवलापूरला उतरवायचं कुणाच्या मनातही आलं नसणार. असो. संस्थानं 1948-49 मध्ये विलीन झाली, पण तो रुबाब काही विलीन झाला नाही. तो वाटला गेला, आणि वाटणीत ज्याच्याकडे कुत्रं होतं त्याला जास्त आला.

इथे एक गोष्ट सरळच सांगतो. शिकार म्हटलं की आपल्याकडे लगेच फासेपारध्यांकडे बोट जातं. 1871 च्या कायद्याने अशा कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का स्वातंत्र्यानंतर 1952 साली कागदावरून पुसला, लोकांच्या मनावरून अजून पुसायचाय. मला माळावर जे भेटतात त्यांच्या घरी फ्रीज आहे, फ्रीजमध्ये चिकन आहे, आणि मोबाइलवर ढाब्याचा नंबर आहे. पोटासाठी कुणी आलेलं मी पाहिलेलं नाही. हे सगळे स्टेटसवाले. ससा एक, आणि त्याचा कान धरून फोटो काढणारे चौघे.

आणि हा ससा तरी केवढा! आपला काळ्या मानेचा ससा बीळ करत नाही. गवतात अंग दाबून पसाभर खळगा करतो आणि त्यात बसतो. कान पाठीला चिकटवलेले, डोळे सताड उघडे, नाकपुडी तेवढी हलते. एकदा धावपट्टीच्या कडेला कुसळीच्या गवतात मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो आणि मला तो मातीचं ढेकूळ वाटत होता. ढेकळाला मिशा असल्याचं लक्षात आलं तेव्हा कळलं. तो हलला नाही. मी गेलो तिथून. मी उठवला असता तर पळाला असता, आणि पळणारा ससा ही कारवानी कुत्र्यासाठी जाहीर निविदा असते.

एका आयतवारी मात्र माळावर दोन पार्ट्या आल्या. एक कुत्रीवाली, दुसरी जाळीवाली. जाळीवाल्यांनी बोलेरोतून वाघर आणली होती. वाघर म्हणजे सशाच्या वाटेवर आडवी बांधायची लांब जाळी. तिच्याकडे सशाला हाकत न्यायचं, तो गुंतला की धरायचा. यांनी पहाटेपासून गुपचूप खुंट्या मारून ती बांधली, आणि वरच्या अंगाने दुसऱ्यांची कुत्री आली ती थेट जाळीत. पुढचं संभाषण ग्रामसभेच्या वरच्या पट्टीत झालं.

"तुमची कुत्री आमच्या हद्दीत कशी?"

"हद्द? कसली हद्द?"

"त्या बाभळीपासनं अलीकडं आमचं हाय."

"बाभळ कुणाची?"

"आमच्या बाऽनं बघितलीया ती!"

वडिलोपार्जित बघण्यावर मालकी सांगणारा दावा मी प्रथमच ऐकला. ज्याच्यावरून भांडण, तो ससा केव्हाच बाभळ, बांध आणि बुधगावचा ऊस ओलांडून गेला होता. त्याच्याकडे सातबारा नव्हता, म्हणून त्याला कुठेही जाता येत होतं. कुत्री जाळीत, जाळी कुत्र्यांत, आणि माणसं एकमेकांच्या कॉलरमध्ये. तेवढ्यात एकाची नजर माझ्यावर पडली.

"हे काका रोज असत्यात हितं. काका, तुम्हीच सांगा, कुणाचं रान?"

मी दुर्बीण गळ्यात अडकवली, वही काखेत धरली आणि पुढे झालो. "मोजणीचा नकाशा आहे का कुणाकडे?"

एकदम शांतता. जाळीवाल्यांचा म्होरक्या, मिशीला कंगवा करून आलेला, माझ्या वहीकडे बघायला लागला. वहीत मी टिटव्यांची टोळी, किती वाजता, कुठल्या दिशेला, असं आडवं-उभं रकान्यांत लिहिलेलं. दुरून ते सरकारी दिसतं.

"काका," त्याचा आवाज दोन सूत खाली आला, "तुम्ही मोजणीकडचं हाय व्हय?"

मी काही बोललो नाही. आयुष्यभर कारखान्यात राहून एक शिकलोय, साहेब काही बोलला नाही की माणसं आपणहून बोलतात.

"विमानतळ होतोय का ओ खरंच? मोबदला कसा बसणार? तिकडं आमचं दोन एकर लागूनच हाय."

"आमचं बी हाय वरच्या अंगाला," कुत्रीवाला पुढे आला. "पण बागायत धरणार का जिरायत?"

अर्ध्या मिनिटापूर्वी सगळा माळ ज्यांचा होता, त्यांना आता आपापला दोन एकराचा तुकडा आठवला. मग मिशीवाल्याने स्वतः होऊन जाहीर केलं, "हे मधलं सगळं सरकारचंच हाय, काका. आमचा काय संबंध न्हाई. लिहा तसं." मी लिहिलं: सकाळी सात, टिटव्या नऊ.

"मी पाखरं मोजतो," मी शेवटी सांगितलं. कुणाचाही विश्वास बसला नाही. पाखरं मोजायला कुणी पगार देत नाही, आणि पगाराशिवाय कुणी मोजत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. उलट, साहेब गुपित राखतायत, म्हणजे काम मोठं आहे, असा समज होऊन एकाने मला चहाचा थर्मास उघडून दिला.

चहा घेता घेता मी कायदा काढला. आधीही काढून बघितला होता. तीन वर्षांपर्यंत तुरुंग म्हटलं की "बघू की" म्हणतात, एक लाखापर्यंत दंड म्हटलं की "आमदाराला फोन लावू" म्हणतात. कायद्यात ससा मारणं हीच शिकार नव्हे. पकडणं, फास लावणं, हाकून काढणं, कुत्री मागे सोडणं, एवढंच काय तसा नुसता प्रयत्न करणं, हीसुद्धा शिकारच. म्हणजे आजवर एकही ससा न मिळालेले आमचे हे वीर कायद्याच्या नजरेत पूर्ण शिकारी होते. हे ऐकून दोघांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमानच दिसला. पण त्या दिवशी समोर बोलेरो उभी होती, म्हणून मला पुढचं कलम सुचलं.

"गुन्ह्यात वापरलेली गाडी जप्त होते. कायद्याने ती सरकारजमा."

"गाडी?"

"गाडी, जाळं, हत्यार, सगळं."

"अवं, गाडीचं अजून हप्तं चाललंत की!"

"हप्ते तुमचेच राहणार. गाडी सरकारची."

माणसाच्या तोंडचं पाणी पळतं म्हणतात, ते मी त्या सकाळी पाहिलं. कुत्रीवाल्याने हळूच विचारलं, "आणि कुत्रं?" मी नुसतं कुत्र्याकडे बघितलं. कुत्र्यानेही माझ्याकडे बघितलं. मालकाने त्याचा पट्टा घट्ट धरला. वाघर बांधायला त्यांना जेवढा वेळ लागला होता, त्याच्या निम्म्या वेळात ती गुंडाळून चहासकट सगळे गेले. एक खुंटी राहिली. ती मी घरी आणली, आमच्या हिने तिला घेवड्याचा वेल बांधलाय.

आपल्या जिल्ह्यात 'हे रान माझं' म्हणायचा हक्क कुणाला असेल, तर तो धों. म. मोहिते यांना होता. सागरेश्वरचे उघडे-बोडके डोंगर त्यांनी माणसं जमवून, झाडं लावून हिरवे केले, त्यात हरणं सोडली गेली, आणि 1985 साली त्या जवळजवळ अकरा चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. माणसाने लावलेल्या रानाचं अभयारण्य होणं ही साधी गोष्ट नाही. एवढं करून ते रान त्यांनी सरकारच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या, हवाली केलं. आणि इथे एक झुडूप न लावलेला माणूस बाभळ बघितल्याच्या जोरावर मालक!

वाद घालायला मी कुणाला सांगत नाही. पहाटेच्या माळावर चौघांपुढे एकट्याने शूर होण्यात काही अर्थ नाही. प्रत्येक वेळी विमानतळ मदतीला येईल असंही नाही. क्लच वायरचे फास दिसले तर हात लावू नका, जागा लक्षात ठेवा, जमलं तर लांबून गाडीचा नंबर टिपा आणि तिथून निघा. मग वनखात्याची हेल्पलाइन लावा, 1926. फोन फुकट आहे. फक्त ठिकाण सांगताना कवलापूर हे नाव आधी घ्या. नुसतं 'विमानतळावर शिकारी आलेत' म्हणालात, तर माणसं कोल्हापूरला उजळाईवाडीला जाऊन पोचतील.