गंगास्नानार्थ अर्जित रजा

विद्यापीठात नोकरीला आहे असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर जो सात्त्विक हेवा उमटतो, त्याच्या मुळाशी विद्येविषयीचा आदर नसून सुट्ट्यांविषयीची गैरसमजूत असते. उन्हाळी सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी ही अध्यापकवर्गाची दौलत. तिच्या मोबदल्यात सरकारने त्यांच्या अर्जित रजेला कात्री लावलेली आहे, ही गोष्ट अलाहिदा. परंतु आस्थापना शाखेत, म्हणजे जिथे विद्येचा प्रवेश केवळ पदवीप्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रतींच्या रूपाने होतो अशा शाखेत, खर्डेघाशी करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या कपाळी सुट्टी कुठली? विद्यार्थ्यांना सुट्टी लागते ती परीक्षा देऊन. परीक्षा संपल्या की निकाल, निकाल लागले की पुनर्मूल्यांकनाचे अर्ज, आणि त्या अर्जांचा निचरा होतो न होतो तोच नव्या प्रवेशांची झुंबड दाराशी येऊन ठेपते. १८५७ साली, उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला असताना, कंपनी सरकारने मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन करण्याइतकी स्वस्थता कशी दाखवली याचे इतिहासकारांना आश्चर्य वाटते. मला वाटत नाही. प्रस्ताव एकदा टेबलावरून पुढे सरकला की तो बंडालाही जुमानत नाही.

रजेचे टेबल माझ्याकडे आहे. राज्य शासनाचे १९८१ चे रजा नियम आणि त्यांवरची परिपत्रके यांची पारायणे करून माझे असे मत बनले आहे की, मानवी जीवनाविषयी इतका सूक्ष्म विचार दर्शनकारांनीही केलेला नसावा. अर्जित रजा १ जानेवारीस आणि १ जुलैस प्रत्येकी १५ दिवस आगाऊ खात्यावर जमा होते. ती साठवावी, साठवीत जावे, आणि ३०० दिवसांच्या मर्यादेला पोहोचल्यावर उरलेल्या आयुष्याकडे खिन्नपणे पाहत बसावे. अर्धवेतनी रजा वर्षाला २०. मात्र आजारपणाच्या दाखल्यावर तिचे परिवर्तन करून पूर्ण पगार मागितला, तर एक दिवस अंथरुणावर पडल्याबद्दल खात्यातून दोन दिवस वजा होतात. अनर्जित रजा म्हणजे जी अजून कमावलेली नाही ती, पुढे कमावाल या भरवशावर दिलेली. सरकारने कर्मचाऱ्याच्या दीर्घायुष्यावर इतका विश्वास अन्यत्र कुठेही दाखवलेला नाही. सर्वांत गहन ती नैमित्तिक रजा. नियमांच्या दृष्टीने ती रजाच नव्हे. ती उपभोगणारा मनुष्य मळ्यात बसून हुरडा खात असला तरी कामावरून गैरहजर मानला जात नाही. मायावादाची अशी प्रचीती मला कोणत्याही कीर्तनात आलेली नाही. आणि या साऱ्या डोलाऱ्याच्या पायाशी एक वाक्य आहे : रजा हक्क म्हणून मागता येणार नाही. मंजूर करणारा अधिकारी ती नाकारू शकतो, मंजूर केलेली परत घेऊ शकतो. मागितलेल्या रजेचा प्रकार तेवढा त्याला आपल्या मनाने बदलता येत नाही. बुडत्याला तेवढीच काडी.

इतके ज्ञान पदरी असलेल्या माणसाने स्वतः रजा मागू नये हे शहाणपणाचे. परंतु त्या वर्षी गंगा आली. राजापूरची गंगा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : राजापूरजवळ उन्हाळे गावी डोंगराच्या कुशीत १४ कुंडे आहेत. ती एरवी कोरडी असतात, आणि एके दिवशी अकस्मात भरून वाहू लागतात. दर तीन वर्षांनी गंगा येते असा लोकसमज आहे. गंगेला तो मान्य असल्याचे दिसत नाही, कारण ती कधी लवकर येते, कधी हुलकावणी देते, आणि आल्यावर किती दिवस मुक्काम करील हे कोणासही सांगत नाही. भूगर्भातल्या पोकळ्यांत पाणी साठून ते वक्रनलिकेच्या न्यायाने बाहेर पडते असे शास्त्रज्ञ म्हणतात. काही असो, ती येते तेव्हा पूर्वसूचना देत नाही, आणि आमच्याकडे रजेला पूर्वमंजुरी लागते.

राजापुराहून निरोप आला तेव्हा आई देवघरात वाती वळीत होती. "गंगा आली रे," ती म्हणाली, "सोमवारी निघू." मी तिला अर्ज, शिफारस, टिपणी आणि मंजुरी यांचा क्रम समजावून दिला. वात वळण्याचे न थांबवता तिने तो ऐकून घेतला आणि विचारले, "म्हणजे तुझा साहेब हो म्हणेपर्यंत गंगा थांबेल असं कुणी सांगितलंय तुला?"

अर्ज लिहिणे हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे आणि त्याचा प्राण 'कारण' या रकान्यात असतो. वर्षानुवर्षे इतरांचे अर्ज वाचून मला उमगले आहे की कार्यालयास तीनच कारणे पटतात : आजार, लग्न आणि मृत्यू; त्यांतही लग्नाची पत्रिका जोडावी लागते. थकवा आला आहे, आंबे पिकले आहेत, काही दिवस कोणाचे तोंड पाहू नये असे वाटते, ही खरी कारणे आजवर एकाही अर्जात माझ्या दृष्टीस पडलेली नाहीत. 'घरगुती कारणास्तव' हा सर्वमान्य मोघमपणा मलाही उपलब्ध होता. परंतु आईला तीर्थयात्रेस नेताना असत्याचा आश्रय कशाला, असे मनात येऊन मी स्वच्छ अक्षरात 'मातोश्रींस गंगास्नान घडविणेकामी' असे लिहिले, रजेच्या कालावधीतील पत्ता दिला, मागेपुढे येणारे रविवार जोडून घेण्याची व मुख्यालय सोडण्याची अनुमती मागितली, आणि कागद आवक बारनिशीत नोंदवून योग्य मार्गाने मार्गस्थ केला.

योग्य मार्ग दुपारपर्यंत माझ्याच टेबलाशी येऊन थांबला. स्वतःच्या प्रकरणावर स्वतः टिपणी लिहू नये असा शिरस्ता आहे, आणि तो योग्यच आहे. अशा वेळी कागद शेजारच्या पगाराच्या टेबलाकडे जातो. परंतु पगाराच्या टेबलावरचे गृहस्थ मेहुणीच्या लग्नासाठी रजेवर होते, त्यांच्या रजेची टिपणी मीच लिहिली होती, आणि त्यांचा कार्यभार आदेशान्वये माझ्याकडे होता. तेव्हा पगाराच्या टेबलाच्या भूमिकेतून मी माझ्या अर्जाकडे पाहिले, आणि काय सांगू, तो मनुष्य मला मुळीच विश्वासार्ह वाटला नाही. ऐन परीक्षांच्या हंगामात रजा मागतो. कारण म्हणून एका झऱ्याचे नाव सांगतो. झरा वाहत असल्याचा पुरावा जोडत नाही. 'रजा शिल्लक आहे. तथापि कारणाच्या पुष्ट्यर्थ दाखला जोडलेला नाही. आदेशार्थ सादर' असे लिहून मी कागद वर पाठवला.

तो 'चर्चा करा' असा शेरा घेऊन परत आला. साहेब सज्जन होते. त्यांनी मला बसायला सांगितले. "गंगा किती दिवस असते?" त्यांनी विचारले. निश्चित सांगता येत नाही, असे मी म्हणालो. "मग रजेचा कालावधी तुम्ही निश्चित कसा केला?" या प्रश्नातील तर्कशुद्धतेने मी इतका प्रभावित झालो की उत्तर द्यायचे राहून गेले. ग्रामपंचायतीचा दाखला चालेल की तहसीलदारांचा लागेल, यावर थोडा ऊहापोह झाला, परीक्षा विभागाची हरकत नसल्याचे मागवावे असे ठरले, आणि निघताना साहेब हळूच म्हणाले, "आईंना सांगा, आमच्या नावाची एक बाटली भरून आणा."

बाटली आली. सोमवारीच पहाटेच्या एस.टी.ने आई शेजारच्या काकूंबरोबर निघून गेली होती. स्नान करून, हापूसची पेटी घेऊन ती परतली तेव्हा परीक्षा विभागाची ना हरकत नुकतीच सहायक कुलसचिवांकडे पोहोचली होती. त्यानंतर सर्व टेबले भराभर हलली आणि एके सायंकाळी आदेश हाती पडला : अर्जात नमूद केलेल्या तारखांस अर्जित रजा मंजूर करण्यात येत आहे. त्या तारखा तोवर होऊन गेल्या होत्या, आणि त्या प्रत्येक दिवशी मी टेबलावर बसून याच प्रकरणाचा पाठपुरावा करीत होतो.

तरीही हे प्रकरण दप्तरदाखल झाले असते. परंतु पगाराच्या टेबलावरचे गृहस्थ आता रुजू झाले होते आणि ते कामाला चोख आहेत. मंजूर रजा आणि हजेरीपट यांचा मेळ बसत नसल्याचे त्यांनी साहेबांच्या निदर्शनास आणले. रजा मंजूर असताना कार्यालयात उपस्थित राहून हजेरीपटावर स्वाक्षरी केल्याबद्दल संबंधितांकडून तीन दिवसांत खुलासा मागवावा असा आदेश झाला. आणि खुलासे मागवण्याचे काम आस्थापनेच्या टेबलाचे असल्यामुळे ज्ञापनाचा मसुदा मी केला, जावक क्रमांक घातला, माझ्याच हाती देऊन पोच घेतली. खुलासा मी मुदतीत सादर केला. तो बारकाईने वाचून, समाधानकारक वाटत नाही असा अभिप्राय नोंदवून, साहेबांकडे पाठवला आहे.