लाडूचा उकार

वहिनींच्या दिवाळी फराळाच्या ऑर्डरी एक्सेलमध्ये लिहिणं मला कमीपणाचं वाटलं. मी एका रात्रीत पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहिला: टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर, दुहेरी रेघांच्या चौकटीत, शुद्ध मराठी तक्ता. (वहिनींनी फक्त एक वही मागितली होती.)

सकाळी तक्ता उघडला. चकलीची ओळ ओळंब्यात. लाडूची उजवी रेघ मात्र एक घर आत, शंकरपाळ्यांची दोन.

"भावजी, कुंपणातून म्हैस गेली का?"

टर्मिनल म्हणजे चौकटीच्या वहीत वाढलेलं पोर. १९७८ साली आलेल्या व्हीटी १०० या टर्मिनलवर ८० रकाने आणि २४ ओळी होत्या. ते वळण अजून सुटलेलं नाही. युनिकोडच्या लेखी लाडू म्हणजे चार चिन्हं: ल, काना, ड, उकार. माझ्या प्रोग्रामने चार मोजून उरलेल्या जागा भरल्या. माझं टर्मिनल मात्र काना-वेलांटीला स्वतंत्र घर देतं आणि मात्रा, उकार, अनुस्वार यांना दुसऱ्याच्याच घरात झोपवतं. लाडूची घरं भरली तीन. 'शंकरपाळे'मध्ये तर अनुस्वारही आणि मात्राही.

"वेलांटीला घर, मग मात्रेनं काय घोडं मारलंय?" वहिनींनी विचारलं. मी चहा मागितला.

दोन दिवस खपून टर्मिनलच्याच हिशेबाने रुंदी मोजणारं फंक्शन बसवलं. रेघ सुतासारखी सरळ! ती मिरवायला तक्ता पुतण्याच्या लॅपटॉपवर उघडला. तिथलं टर्मिनल वेगळं, त्याचा हिशेबही वेगळा. रेघा पुन्हा नागमोडी, आणि चिवड्याची वेलांटी 'च'च्या आधी बसायचं सोडून पुढच्या घरात, ठिपक्यांचं वर्तुळ कडेवर घेऊन उभी.

हरलो. सगळी यादी रोमन लिपीत केली. एक अक्षर, एक घर. कुठेही उघडा, रेघ हलत नाही. मीच ती छापून पुतण्याच्या हाती दिली आणि त्याला भाजणी दळायला पाठवलं. पोरगा इंग्रजी माध्यमातला. चकलीची बेरीज ११ किलो, त्यात मोरे नावाच्या गिऱ्हाइकाची ५ धरलेली होती. त्याने मोऱ्यांची ओळ 'मोअर चकली, ५ किलो' अशी वाचली आणि इमानदारीत आणखी पाच किलोची भाजणी दळून आणली.

तुळशीचं लग्न लागून गेलं. आमच्याकडे अजून चहाबरोबर चकलीच असते.